ठासणीची हलकी रायफल घडवून घेतोय: खारीच्या शिकारीसाठी नळी कोणती निवडू?

हिकरीची_सावली

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्वेनियात, लँकेस्टर काउंटीत राहतो. इथल्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात नेमबाजी करतो आणि पानगळीच्या दिवसांत हिकरी-ओकच्या रानात खारींच्या शिकारीला जातो. आतापर्यंत नेमबाजीला क्लबातल्या मित्राची .५० ची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकाची) रायफल वापरत आलो. खारीसाठी ती नको तेवढी मोठी, आणि दिवसभर हातात घेऊन चढण चढायला जड. आता एका कारागिराकडून स्वतःची घडवून घ्यायचं ठरवलंय. चकमकीचं लॉक (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी कळ), नळीच्या तोंडापर्यंत जाणारा मेपलचा दस्ता, सगळा साज लोखंडी, नक्षीकाम नाही. टेनेसी-कॅरोलायनाच्या डोंगरांत जशा साध्या रायफली बनत, त्या धर्तीची.

कारागीर म्हणतो, आधी नळी ठरवा, मग बाकीचं बोलू. ते बरोबरच आहे. दस्त्याची जाडी, लॉकचा आकार, गजाची (गोळी ठासायच्या काठीची) जाडी, सगळं नळीवर अवलंबून. माझ्या अटी अशा: एकूण वजन ७ पौंडांच्या (३.२ किलो) आत. अंतर २५ ते ४० यार्ड. नेम डोक्यावर, म्हणजे मांस वाया जात नाही आणि जनावर जागीच पडतं. वय पन्नाशीच्या पुढचं, जवळचा चष्मा लागलाय, हेही लक्षात घ्या.

सध्या मनात तीन पर्याय आहेत:

.३२, सरळ अष्टकोनी, सपाट बाजू ते सपाट बाजू १३/१६ इंच, लांबी ४२ इंच.
.३६, सरळ अष्टकोनी, ३/४ इंच, लांबी ३६ इंच.
.४०, स्वॅम्प्ड (मागे जाड, पुढे कमरेत बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली), लांबी ३८ इंच.

माझं स्वतःचं मत असं की हलकेपणा काट्यावर मोजून भागत नाही, वजन दोन हातांच्या मध्ये पडलं पाहिजे. पण त्यासाठी किती पैसे मोजायचे आणि कॅलिबर कोणतं घ्यायचं, इथे अडलोय. ज्यांनी अशी रायफल वापरलीय त्यांनी सविस्तर लिहावं.

रानभैरी

पहिला नंबर माझा! विषयातलं काही कळत नाही, पण शेवटपर्यंत वाचणार.

मंजिरी_ओहायो

आधी माझ्याकडे .३२ होती, आता .३६ आहे, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

.३२ अचूक होती, धक्का जवळजवळ नव्हता, आवाजही बारीक. पण काळी दारू जळल्यावर नळीत काजळी साचते, आणि अरुंद नळीत तिचा त्रास लवकर सुरू होतो. चार-पाच बारांनंतर गोळी खाली ढकलताना जोर लागायचा. गज इतका बारीक की हात जरा तिरका पडला तरी वाकायचा. थंडीत बोटं आखडलेली असताना ती इवलीशी गोळी चिंधीवर ठेवणं हाही एक व्यापच. .३६ घेतल्यापासून यातला बराच त्रास कमी झाला, आणि खारीच्या डोक्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच.

तुमच्या यादीतला दुसरा पर्याय मी निवडीन, मात्र ३६ इंच लांबी मला आखूड वाटते.

टेनेसीवाला

मंजिरीताई, तुमचा अनुभव नाकारत नाही, पण .३२ ची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे.

.३१० ची शिशाची गोळी साधारण ४५ ग्रेनची (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड). एका पौंड शिशात अशा दीडशेच्या वर गोळ्या ओतून होतात. .३५० ची ६४-६५ ग्रेनची, पौंडाला १०८ च्या आसपास. तुमच्या मित्राच्या .५० ला .४९० ची गोळी लागते, ती पौंडाला चाळीसही होत नाहीत. दारू २० ग्रेन धरली तर एका पौंडात ३५० बार. वर्षभर सराव करणाऱ्याला हा हिशेब लागतोच. आणि तुलना करायची तर .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची असते. खारीसाठी त्याहून जास्त लागतं कशाला?

काजळीवर उपाय आहे. दर दोन-तीन बारांनंतर ओलसर चिंधी एकदा फिरवायची. शिकारीत तर दिवसाला मोजकेच बार होतात, रेंजवरची अडचण रानात येत नाही.

बांदेकर

धागा बघून बरं वाटलं. आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर अजून कितीतरी घरांत ठासणीची बंदूक आहे. परवान्यावर 'एसबीएमएल' (एकनळी ठासणीची) लिहिलेलं असतं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. आजोबांची होती ती टोपीवर चालणारी, नळी आतून गुळगुळीत, छऱ्यांची. दारू ओतायची, वर सोडणाचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. रानडुकरं भातात शिरली की माळ्यावरून एक बार आभाळात काढायचा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागायचं.

माका एक कळूचा आसा, तुमच्या रायफलीत चिंधी कशाला लागते? आमच्याकडे नुसता बोळा पुरायचा.

टेनेसीवाला

@बांदेकर, गोळी नळीच्या भोकापेक्षा ५ ते १० हजारांश इंच लहान असते. तेल किंवा चरबी लावलेली घट्ट विणीची सुती चिंधी तिच्याभोवती गुंडाळली जाते, आणि नळीतल्या पेचदार खाचा पकडतात त्या चिंधीला. चिंधी फिरते म्हणून गोळी फिरते, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. तुमची नळी गुळगुळीत, फिरवायचं काही नव्हतं, म्हणून बोळा पुरत होता. इथे उशीच्या अभ्र्याचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड सगळ्यात जास्त वापरतात.

शेकरूप्रेमी

माफ करा, पण मनातलं लिहिल्याशिवाय राहवत नाही. भीमाशंकरला शेकरू बघायला जाणारी मी. सेतू बांधताना वाळूचे कण आणणाऱ्या खारीची गोष्ट ऐकत आपण वाढलो. तिला मारण्यासाठी हलकी बंदूक कोणती, ही चर्चा मराठीत वाचताना फार विचित्र वाटलं.

कोपऱ्यातला_वाचक

शेकरूताईंशी सहमत. +१

हिकरीची_सावली

@शेकरूप्रेमी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. शेकरू आपला राज्यप्राणी आहे, त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. भारतात मी अशा रायफलीचा विचारही करणार नाही.

इथली करडी खार वेगळी. तिची संख्या भरपूर आहे, हंगाम ठरलेला आहे, रोजची मर्यादा ठरलेली आहे, परवान्याचे पैसे रानांच्या देखभालीला जातात. मी जे मारतो ते घरी शिजतं. कोंबडी विकत आणतो तेव्हा ती कशी जगली हे मला ठाऊक नसतं. खार कशी जगली, काय खात होती, हे मी तासन् तास बसून पाहिलेलं असतं. हा माझा विचार आहे, तो तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. पण डोक्यावरच नेम धरायचा हा माझा हट्ट त्यातूनच आलाय. नळीची एवढी चौकशीही त्यासाठीच करतोय. जखमी जनावर निसटून जाणं मला नको आहे.

इतिहासवेडा

या वादाला इथे जुना संदर्भ आहे. १७४९ साली पेनसिल्वेनियात खारींनी मक्याची पिकं इतकी उद्ध्वस्त केली की सरकारने दर खारीमागे ३ पेन्स बक्षीस लावलं. त्या वर्षात ६ लाख ४० हजार खारींचे पैसे दिले गेले, म्हणजे ८ हजार पौंड. तिजोरी रिकामी व्हायची वेळ आली. तेव्हा खारीची रायफल ही शेतकऱ्याची गरज होती, अगदी बांदेकरांच्या आजोबांसारखी.

आणि नळीबद्दलही इतिहास बोलतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन भाषक कारागीर लँकेस्टर भागात आले, ते आखूड आणि जाड भोकाच्या यागर रायफली घेऊन. इथे त्यांनी नळी लांबवली आणि भोक लहान केलं, कारण सीमेवरच्या माणसाला दारू आणि शिसं पाठीवर वाहून न्यावं लागे. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडच्या रानांतलं मोठं जनावर कमी झालं तशी कॅलिबरं आणखी उतरली. .३२, .३६ ही मापं तुमच्या मनात आहेत ती त्या काळातून आलेली.

रानभैरी

पण रश्श्यात नेमका 'खारीचा वाटा' किती पडतो, हे कुणी सांगेल का?

मंजिरी_ओहायो

रानभैरी :) मोठी करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास भरते. साफ केल्यावर चौघांना निदान तीन लागतात. मी मालवणी वाटणात मंद आचेवर शिजवते, म्हाताऱ्या खारीला कुकरच्या जास्त शिट्ट्या. हिकरीची फळं खाल्लेली असेल तर मांसाला गोडसर चव येते. व्हर्जिनियाकडे ब्रन्सविक स्ट्यूत घालायची जुनी पद्धत आहे.

अपर्णा_एनजे

अवांतर, पण महत्त्वाचं. इथे बरेच जण व्हिसावर असतात, म्हणून लिहिते. फेडरल कायद्यात, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे, काळ्या दारूवर चालणारी ठासणीची बंदूक 'अँटिक' धरली जाते, 'फायरआर्म' नाही. त्यावरून ती कुणीही, कुठेही घ्यावी असा अर्थ काढू नका. राज्यांचे कायदे वेगळे आहेत. आमच्या न्यू जर्सीत नव्याने बनवलेल्या ठासणीच्या रायफलीलाही ओळखपत्र लागतं. आधी आपल्या राज्याचे नियम वाचा, मग कारागिराला आगाऊ रक्कम द्या.

थाऊमास्तर

मी भोसरीला टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता मुलाकडे मिशिगनला असतो. शिकार करत नाही, पण लोखंडाचा हिशेब करता येतो. तुमच्या धाग्यात वजनाबद्दल सगळे अंदाजाने बोलत आहेत, म्हणून आकडे काढले.

अष्टकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे सपाट ते सपाट मापाचा वर्ग गुणिले ०.८२८४. त्यातून भोकाचं क्षेत्रफळ वजा करा, लांबीने गुणा, मग घन इंचाला ०.२८३ पौंडांनी गुणा. नुसत्या नळीचं वजन असं येतं:

.३२, १३/१६ इंच, ४२ इंच: ५.५ पौंड.
.३६, १३/१६ इंच, ४२ इंच: ५.३ पौंड.
.४०, १३/१६ इंच, ४२ इंच: ५.० पौंड.
.३६, १३/१६ इंच, ३६ इंच: ४.५ पौंड.
.३६, ३/४ इंच, ३६ इंच: ३.७ पौंड.
.३६, ७/८ इंच, ४२ इंच: ६.३ पौंड.

पहिल्या तीन ओळी नीट बघा. बाहेरचं माप आणि लांबी तीच, पण भोक लहान केलं की नळी जड होते. लहान कॅलिबर म्हणजे हलकी रायफल हा समज चुकीचा आहे. .३२ घ्यायची तर बाहेरचं मापही उतरवावं लागेल, नाहीतर तुम्ही भरीव सळई घेऊन फिराल. दस्ता, लॉक आणि साजाचे अडीच ते तीन पौंड धरा. पहिला पर्याय ८ पौंडांच्या पुढे जातो, तुमच्या अटीत बसतच नाही.

हिकरीची_सावली

मास्तर, हा प्रतिसाद छापून कारागिराकडे नेतोय. पहिला पर्याय यादीतून काढला.

टेनेसीवाला

.३२ काढू नका हो, १३/१६ काढा! ३/४ इंचात, ३६ इंचांची .३२ घ्या. मास्तरांच्या सूत्राने ३.९ पौंड येते. उत्तम.

थाऊमास्तर

येते खरी, पण मला गजाची काळजी वाटते. .३२ भोकात ५/१६ चा गज म्हणजे फक्त साडेसात थाऊची फट (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पुसायची चिंधी त्यातून जाणार कशी? म्हणजे टोक तरी १/४ इंचापर्यंत उतरवावं लागणार. ३६ इंच लांब, १/४ इंच जाड हिकरीची काडी, आणि तिच्यावर रोज दाब. मंजिरीताई वाकण्याबद्दल म्हणाल्या ते यामुळेच. .३६ मध्ये ५/१६ चा गज मोकळा जातो.

निळू_७०

मी नेमबाजीतला, शिकारीतला नाही. पन्नाशीनंतरच्या डोळ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. नेम धरायची मागची खाच डोळ्याच्या फार जवळ असली की ती धूसर दिसते. उपाय म्हणजे खाच नळीवर पुढे सरकवणं. पण ३६ इंची नळीवर ती पुढे सरकवली की खाच आणि माशी (नळीच्या तोंडाजवळची नेमखूण) यांच्यातलं अंतर कमी होतं आणि नेमातली चूक वाढते. लांब नळीवर दोन्ही साधतात. म्हणून मी ४२ इंच म्हणेन. दारू २०-२५ ग्रेनच आहे, तिला जळायला एवढी लांबी लागत नाही हे खरं, लांबी डोळ्यासाठी घ्यायची.

मंजिरी_ओहायो

निळूकाका, अगदी हेच! माझी ४२ इंचांची आहे ती याच कारणाने. आणि लांब नळी हातात डगमगत नाही.

कोपऱ्यातला_वाचक

पण दाट झुडपांत ४२ इंच म्हणजे फांदीफांदीला अडकणार ना? आमच्या सोसायटीच्या जिन्यात बांबूची काठी वळवताना जीव जातो.

टेनेसीवाला

खारीसाठी बसून वाट बघतात, झुडपातून पळत नाहीत. शिवाय नळी ४२ असली तरी रायफल उभी धरूनच चालतात. लांबीची अडचण घरात आणि गाडीत.

ओहायोत किब्लरच्या कारखान्यात 'सदर्न माउंटन रायफल' नावाचा जोडायचा संच मिळतो, त्याची नळी ४६ इंचांच्या आसपास आहे, .३२ पासून .४५ पर्यंत. एवढी लांब असून ती हातात हलकी वाटते, कारण नळी पुढे निमुळती होत जाते. ज्यांना लांबीची भीती वाटते त्यांनी ती एकदा खांद्याला लावून बघावी.

इतिहासवेडा

कथेतली गंमत म्हणून: पक्ष्यांचे चित्रकार ऑड्युबॉन यांनी लिहून ठेवलंय की केंटकी नदीकाठी, फ्रँकफर्टजवळ, डॅनियल बूनने त्यांना 'बार्किंग' करून दाखवलं. खारीला गोळी लावायची नाही, तिच्या पायाखालच्या सालीवर मारायची, सालीचा तुकडा उडतो आणि धक्क्याने खार मरते. अभ्यासकांना त्या भेटीबद्दलच शंका आहे.

टेनेसीवाला

कृपया कुणी हे करून बघू नका. लाकडावरून उडालेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. तसंच झाडावर वर मारताना मागे जाड बुंधा असलाच पाहिजे. ४५ ग्रेनची असली तरी ती गोळी आहे, छर्रा नाही, शेकडो यार्ड जाते. आभाळासमोर दिसणारी खार सोडून द्यायची.

निळू_७०

+१. आणि पेनसिल्वेनियात अंगावर नारिंगी कपडा विसरू नका.

दक्षिणवारा

एक वेगळा मुद्दा. .४५ का नाही? पेनसिल्वेनियात नाताळानंतर हरणांसाठी चकमकीचा खास हंगाम असतो, त्यात .४४ च्या खालचं कॅलिबर चालत नाही. .४५ घेतली तर कमी दारूत खार आणि पूर्ण दारूत हरीण, एकाच रायफलीत. शिवाय मास्तरांच्या हिशेबाने १३/१६ मध्ये ती ४२ इंचांतही ४.६ पौंडच भरेल.

हिकरीची_सावली

@दक्षिणवारा, हा मोह मला झाला होता. पण इथे खारींसाठी .४० च्या वरची ठासणी चालतच नाही. त्यातून .४४० ची गोळी १२८ ग्रेनची. डोक्यावर लागली तर ठीक, पण एक इंच खाली बसली की अर्धं जनावर वाया. शिवाय दारू बदलली की गोळी लागण्याची जागा बदलते, साध्या खाचेला आणि माशीला दोन वेगवेगळे हिशेब सांभाळावे लागतात. हरणासाठी मित्राची .५० आहेच. ही रायफल मला फक्त खारींसाठी हवी, एका अंतरासाठी आणि एकाच भरणीसाठी. तिच्याकडून दुसरं काम काढून घ्यायचं नाही.

थाऊमास्तर

योग्य. आता ३/४ इंचाबद्दल बोलतो, कारण सगळ्यांचा कल तिकडे दिसतोय.

.३६ भोक, ३/४ नळी: एका बाजूची भिंत १९५ थाऊ. खाचांची खोली १० थाऊ धरली तर उरली १८५. माशी आणि मागची खाच बसवायला डव्हटेल (तळाशी रुंद होणारी आडवी खोबण) कापणार, साधारण ६० थाऊ. तिथे उरली १२५. ही चालते. तीच नळी .४० ची केली तर डव्हटेलखाली १०५ च्या आसपास. पुढे दाब कमी असतो, पण मला ते आवडत नाही.

खरी अडचण मागच्या टोकाला. ब्रीच प्लगचे (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाचे) आटे बहुतेक ५/८-१८ असतात, म्हणजे ५/८ इंच व्यास आणि इंचाला १८ आटे. ३/४ नळीत ५/८ चा प्लग घातला तर बाहेर फक्त ६२ थाऊ धातू राहतो. नको. १/२-२० चा प्लग घ्यावा लागेल, म्हणजे बाहेर १२५ राहतो. पण .४० मध्ये खाचांसकट भोक .४२० होतं, मग १/२ च्या प्लगला टेकायला खांदाच उरत नाही. तात्पर्य, ३/४ मध्ये .३६ पर्यंतच जा.

आणि धातू विचारून घ्या. बऱ्याच नळ्या १२एल१४ च्या असतात, सहज कापलं जाणारं पोलाद. मशीनवाल्याला ते फार प्रिय. काळ्या दारूच्या ठरलेल्या भरणीत ते वापरलं जातं, पण बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही आणि बिनधुराची दारू (आजच्या काडतुसांतली) त्यात कधीही, थोडीसुद्धा घालायची नाही.

बांदेकर

मास्तर, भोसरीत बसून तुम्ही आमच्या गावच्या लोहाराला शिकवलं असतंत तर आजोबांची नळी अजून वापरात असती. :)

शेकरूप्रेमी

माझं मत बदललेलं नाही. पण धागाकर्त्यांनी जखमी जनावराबद्दल लिहिलं ते पटलं. मग एक विचारते: जो पर्याय सगळ्यात अचूक, तोच का नाही निवडत? वजन दुय्यम ना?

निळू_७०

@शेकरूप्रेमी, फार चांगला प्रश्न. नळी बाकावर टेकवली तर जाड आणि जड नळी जिंकते. पण रानात उभं राहून, झाडाला खांदा टेकवून नेम धरायचा असतो. जड रायफलीने हात थकतो, फार हलकी नळी श्वासाबरोबर हलते. ३/४ ची ३६ इंची नळी तोंडाकडे इतकी हलकी होईल की माशी थरथरत राहील, अशी मला भीती आहे.

मंजिरी_ओहायो

म्हणून स्वॅम्प्ड! आपण सगळे तिसरा पर्याय विसरलो. दोन क्रिकेट बॅटा काट्यावर सारख्या भरल्या तरी एकीचा पिकअप हलका लागतो, तसंच आहे हे. मागे जाड असल्याने ब्रीच प्लगला भरपूर धातू मिळतो, मध्ये बारीक असल्याने वजन कमी, तोंडाशी थोडं फुलल्याने माशी स्थिर. मास्तरांची आणि निळूकाकांची, दोघांची अडचण एकदम सुटते. तोटा किमतीचा, आणि दस्त्यात बसवायला कारागिराला जास्त वेळ लागतो, कारण नळीची खोबण सरळ कापता येत नाही.

टेनेसीवाला

मान्य. पण कॅलिबर .४० नको. स्वॅम्प्ड .३६ मागवा.

दक्षिणवारा

पेचाचं काय? १:४८ की १:६६?

टेनेसीवाला

१:४८, म्हणजे ४८ इंचांत एक फेरा. गोल गोळीला फार वेगाने फिरवावं लागत नाही, ती लांबट नसते. पण १:६६ सारखा संथ पेच मोठ्या गोळीला आणि जास्त दारूला शोभतो. २०-२५ ग्रेनच्या भरणीला ४८ च बरा. खाचा गोल तळाच्या मिळाल्या तर घ्या, पुसायला सोप्या.

हिकरीची_सावली

मंडळी, मधल्या काळात क्लबात सगळ्यांच्या हातापाया पडून दोन-तीन रायफली खांद्याला लावून बघितल्या. इंडियानात फ्रेंडशिप गावी राष्ट्रीय ठासणी संघटनेचे (स्थापना १९३३) सामने होतात, तिथल्या एका सभासदाची स्वॅम्प्ड .३६ पण हातात घेता आली.

३/४ ची सरळ नळी उचलायला छान, पण निळूकाका म्हणतात तसंच झालं, माशी जागेवर राहीना. १३/१६ ची सरळ ४२ इंची स्थिर होती, मात्र डावा हात पुढे ओढला जात होता. स्वॅम्प्ड उचलली आणि खाच-माशी आपोआप एका रेषेत आली. वजन काट्यावर सरळ ३/४ पेक्षा जास्तच होतं, तरी हाताला कमी वाटलं.

तेव्हा कारागिराला कळवलंय: .३६, स्वॅम्प्ड, मागे ७/८ इंच, लांबी ४२ इंच, १:४८, गोल तळाच्या खाचा. मागची खाच नेहमीपेक्षा पुढे बसवणार, जागा मी चष्मा लावून, खांद्याला लावून खुणावणार. वजन ७ पौंडांच्या थोडं वर गेलं तरी चालेल, असं आता वाटतंय.

निळू_७०

४२ ऐकून समाधान झालं.

टेनेसीवाला

.३६ ऐकून थोडं कमी झालं. तरी अभिनंदन! सुरुवात २० ग्रेन, तीन-एफ (बारीक दाण्याच्या) काळ्या दारूने करा, .३५० ची गोळी आणि १५ थाऊची चिंधी. मग दर वेळी दोन-दोन ग्रेन वाढवत जा, जिथे गोळ्या सगळ्यात जवळजवळ पडतील तिथे थांबा.

थाऊमास्तर

मागे ७/८ घेताय, म्हणजे ५/८-१८ चा प्लग बिनधास्त घाला, बाहेर १२५ थाऊ राहतात. कारागिराला एकच सांगा: चकमकीचा कान (ठिणगी आत जाण्याचं भोक) प्लगच्या तोंडाच्या पुढे काढायचा, आट्यांत भोक पाडायचं नाही. काही जण लॉक जुळवायला मागे सरकवतात, मग काजळी आट्यांत शिरते आणि पुसूनही निघत नाही.

हिकरीची_सावली

मास्तर, त्याच्याकडून प्लगचं आणि कानाचं माप लिहून घेतो आणि दस्ता कापायला घेण्याआधी इथे टाकतो. तपासून द्याल का?

थाऊमास्तर

टाका. जमल्यास मापं इंचातच द्या, मिलिमीटर करू नका.